रूम मस्त, जेवण भारी, पण किडे खूप!

दिवाळीच्या सुट्टीसाठीचा व्हॉट्सॲप ग्रुप एव्हाना तयार झाला असेल. कोणीतरी कोकणातल्या चार-पाच होमस्टेंच्या लिंक टाकल्या असतील आणि बाकीच्यांनी फोटो बघून झाल्यावर थेट रिव्ह्यू उघडले असतील. तेही आधी एक आणि दोन स्टारवाले. लाजू नका, मीही तेच करते. पाच स्टार देणारा कधीकधी मालकाचा भाचा निघतो. वैतागलेला माणूस मात्र मनापासून लिहितो.

माझी अडचण अशी की या गोष्टीत मालकाची भाची मीच आहे.

माझ्या मामाच्या घरावर ‘निवास व न्याहारी’ची पाटी आहे. कुडाळ तालुक्यातलं कौलारू घर, पुढे खळं, मागे वाडी आणि वाडीच्या टोकाला व्हाळ. दोन खोल्या पाहुण्यांसाठी. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा आमच्या आजोबांना प्रश्न पडला होता की इथे येऊन लोक बघणार काय, आमचे माड? आता पाहुणे येतात, माडांसोबत सेल्फी काढतात, घावने आणि सोलकढी संपवतात आणि घरी जाऊन रिव्ह्यू लिहितात.

मे अखेरीला सुट्टी काढून मी तिकडे गेले, तर मामाने पहिल्याच दिवशी काम लावलं. ‘‘तू पेपरात काम करतंस मा, मगे ह्ये रिव्ह्यू सगळे वाच आणि पावण्यांका काय व्हया ता एका कागदार लिवन दी.’’

मी वही घेऊन बसले. जेवणाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. बाकी यादी अशी झाली: किडे. पाली. रात्री कसले कसले आवाज येतात. अंगणात पाला पडलेला असतो. बाथरूममध्ये बेडूक होता. रात्री फार अंधार असतो. गाडीवर पक्ष्यांनी घाण केली. एकाने तर लिहिलं होतं, ‘निसर्गाच्या सान्निध्यात राहायचं असेल तर बेस्ट जागा, फक्त किडे खूप आहेत.’ मी हसले, मग आठवलं की गेल्या वर्षी एका ट्रेकनंतर मी स्वतः साधारण असंच काहीतरी लिहून दोन स्टार कापले होते.

मामा हसत नव्हता. त्याने या तक्रारींवरचा इलाज आधीच ठरवला होता. खळ्यात पेव्हर ब्लॉक. दगडी गडगा काढून सिमेंटचं कंपाउंड. चार पांढरे एलईडी फ्लडलाइट. कडेची झुडपं साफ करून लॉन. आणि रस्त्याच्या बाजूचा उंबर काढून तीन गाड्यांचं पार्किंग. हे सगळं पाऊस लागायच्या आत, कारण एकदा पाऊस लागला की कोकणात फक्त शेवाळ आणि गप्पा वाढतात. कॉन्ट्रॅक्टर येऊन माप घेऊन गेला होता. उंबर म्हणजे औदुंबर, दत्ताचं झाड, म्हणून मामा जरा घुटमळला, तर त्या गृहस्थाकडे त्याचाही तोडगा तयार होता, ‘‘एक नारळ ठेवया, गाऱ्हाणा घालूया आणि काढून टाकूया.’’

खरं सांगते, मला प्लॅन आवडला. लॉनवर फोटो छान येतील, असंही मी बोलून गेले.

पहाटे लवकर जाग येण्याचं कारण माझी शिस्त नव्हती, लाइट गेली होती आणि पंखा बंद पडला होता. पडवीत येऊन बसले. समोर तोच उंबर. खोडावर आणि जाड फांद्यांवर फळांचे घोस लगडलेले, जणू कोणीतरी नंतर चिकटवलेत. सव्वासहाला तांबट आला. मग हळद्या, मग बुलबुलांची टोळी, मग हिरवट-पिवळे पारव्यासारखे सहा-सात पक्षी. हे हरियाल. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘महाराष्ट्राचा राज्यपक्षी’ म्हणून पाठ केलेला, पण बघितला कधी नव्हता. आणि मग करवतीने हवा कापावी तसा पंखांचा आवाज करत एक मोठा काळा-पांढरा पक्षी आला. पिवळी चोच, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग. पुस्तकी नाव मलबारी कवड्या धनेश. आमच्याकडे माडगरुड.

हा नर होता, आणि तो स्वतःपुरता खायला आला नव्हता. शेजाऱ्यांच्या जुन्या रायवळ आंब्याच्या ढोलीत त्याची मादी बसली होती. धनेशाची मादी अंडी घालायच्या आधी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा गर असं लिंपून दार बंद करून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. पुढचे अनेक आठवडे ती आणि नंतर पिल्लंही त्या फटीतून नर जे देईल त्यावर जगतात. तो फळं गिळून घशाखाली साठवतो, ढोलीपाशी जातो आणि एकेक करून वर काढून आत सरकवतो. त्या सकाळी दोन तासांत तो आमच्या उंबरावर चार वेळा आला. दर वेळी उडाला तो त्याच आंब्याच्या दिशेने.

मी वहीतलं पान उलटलं आणि दुसरी यादी सुरू केली. इथे कोण कोण राहतं?

उंबराबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बॉटनीच्या विद्यार्थ्यांखेरीज आपल्याला कोणी हे नीट सांगत नाही. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. प्रत्यक्षात उंबराला फुलं भरपूर असतात, ती बाहेरून दिसत नाहीत. ज्याला आपण फळ म्हणतो तोच त्या फुलांचा बंद गाडगा. आत शेकडो बारीक फुलं. टोकाच्या भोकातून एक इवलीशी गांधीलमाशी परागकण घेऊन आत घुसते, अंडी घालते आणि आतच मरते. तिची पिल्लं तिथेच वाढतात. नर माद्यांशी मीलन करून बाहेरची वाट कोरतात, आणि माद्या नवे परागकण घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. ‘उंबर फोडून केंबरं काढणं’ ही म्हण वापरतो ना, त्यातली केंबरं म्हणजे उंबरातले असे बारीक किडे. या माशीचं आयुष्य एक-दोन दिवसांचं असतं, म्हणून परिसरातला कोणता ना कोणता उंबर सतत फळावर असावा लागतो. नाहीतर माशी संपेल आणि मग उंबरही. परिणाम असा, की बाकी झाडं रिकामी असतात त्या काळातही उंबर, वड, पिंपळ यांच्यापैकी कोणाकडे तरी खायला मिळतं. जंगलाची बारमाही खानावळ. त्यातली एक मामाच्या पार्किंगच्या जागेवर उभी होती.

रात्रपाळीही होती. अंधार पडला की वटवाघळं यायची. माळ्यावर राहणारं उदमांजर कौलांवरून उतरून उंबरावर जायचं. ‘रात्री कसले कसले आवाज’ म्हणजे हेच.

हे सगळं मी जेवताना उत्साहाने मामाला सांगितलं. त्याने शांतपणे भात कालवला आणि म्हणाला, ‘‘तुका ता गरुड बघूक बरा वाटता. माका पण वाटता. पण शेकरो माज्या कोवळ्या नारळाक भोका पाडता, केलडी फणस फोडून टाकतत, तेंका एक स्टार कोण देतलो?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे मला माहीत होतं. त्याने पोखरलेला नारळ कोणाच्या खिशातून जातो, याचा विचार मी कधी केला नव्हता. सिंधुदुर्गात आज कुठल्याही बागायतदाराशी बोला, माकडांनी आणि रानडुकरांनी केलेल्या नुकसानीवर तो तासभर बोलेल, आणि त्यातला एकही शब्द खोटा नसेल. आपण शहरातून जातो आणि दोन दिवस ‘वाइल्डलाइफ’ बघतो. त्यांना तिच्यासोबत ३६५ दिवस राहावं लागतं. मामाचं गणित साधं होतं. बागेतून येणारा पैसा प्राणी खातात, म्हणून घर पाहुण्यांसाठी उघडलं. आता पाहुण्यांना प्राणी नको असतील, तर तो कोणाचं ऐकेल? तुमचं. तुमच्या स्टारचं.

म्हणजे त्या उंबरावर कुऱ्हाड चालवायला निघालेले, गाडीवरच्या शिटेबद्दल लिहिणारे तुम्ही-आम्हीच होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक सर झाली आणि चार मुलं आली, इंजिनीअरिंगची, शेवटच्या वर्षाची. मुलं चांगली होती, ताटं स्वतः उचलून ठेवणारी. रात्री साडेनऊला बाथरूमच्या बाजूने आरडाओरडा झाला. मी पोचले तेव्हा चप्पल बसून गेली होती. खाली पडला होता वीतभर पंखांचा, विटकरी रंगाचा पतंग. पंखांच्या टोकांना नागाच्या डोक्यासारखी नक्षी. ॲटलास मॉथ. भारतातल्या सगळ्यात मोठ्या पतंगांपैकी एक. कोषातून बाहेर आल्यावर त्याला खायला तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो, आणि त्या आठवड्यात त्याला एकच काम असतं, मादी शोधायची. अंधारात ती गंध सोडते आणि हा आपल्या पिसांसारख्या मिशांनी तो पकडतो. आमचा पतंग मात्र त्या दिवशी नव्याने लावलेल्या फ्लडलाइटकडे आला होता. चपलेने मारला नसता, तरी त्याच दिव्याभोवती गिरक्या घेत त्याची रात्र वाया गेली असती.

मी हे सांगितल्यावर मुलं गप्प झाली. ज्याने मारला होता त्याने फोनवर शोधून बघितलं आणि तो बराच वेळ पायरीवर बसून होता. (त्यांचा रिव्ह्यू नंतर आला. चार स्टार. ‘किडे साइजने मोठे आहेत.’)

त्या रात्री मामाने पहिल्यांदा स्वतःहून फ्लडलाइट बंद केला. कारण भावनिक नव्हतं, त्याला मुलांना व्हाळावर काजवे दाखवायचे होते आणि दिव्यात ते दिसेनात. बंद केल्यावर दहा मिनिटांनी डोळे सरावले आणि काठचं एक झाड लुकलुकायला लागलं, मग दुसरं. काजव्याचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. पांढऱ्या झगझगीत दिव्याशेजारी ती हाक पोचतच नाही. आणि काजव्याची अळी वाढते ओलसर पाल्यात, गोगलगायी खाऊन. म्हणजे अंगणातला जो पाला तुम्हाला खुपतो, त्यात पुढच्या वर्षीचे काजवे असतात. काजवे बघायला भंडारदऱ्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग आणि त्यांचे हेडलाइट ज्यांनी बघितलेत, त्यांना यातला विनोद वेगळा सांगायला नको.

गडग्याचं तेच. जांभ्या दगडाचे चिरे एकावर एक रचून केलेली भिंत, सिमेंट नाही, फटीच फटी. त्या फटींत बेडूक, सापसुरळ्या, पाली, कोळी. हे सगळे किडे खातात. गडगा पाडा, बेडूक घालवा, मग डासांसाठी मशीन लावा! गडग्यात धामणही राहते आणि ती उंदीर खाते. पण लपवायचं कशाला, कोकणातल्या अशा दगडांत फुरसंही असू शकतं, आणि ते विषारी आहे. म्हणून मामाकडे नियम आहे: रात्री बाहेर पडताना पायात बूट, हातात बॅटरी, आणि दगडाखाली हात घालायचा नाही. साप दिसला तर लांब राहायचं आणि घरच्यांना हाक मारायची. एवढं जमणार नसेल, तर रात्री खोलीतच कॅरम खेळा. कॅरमही आहे.

लॉनचा बेत मामीने मोडला. तिला ना काजव्यांशी देणंघेणं ना माझ्या यादीशी. कडेची ‘झुडपं’ साफ करणार म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, ‘‘चवतीक माटवेक कवंडळा खयसून आणतलात? लॉनार पिकतली?’’ गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे माटवी बांधतात. तिला कवंडळं, कांगण्या, शेरवड, तेरडा असं सगळं रानातलं लागतं आणि ते त्या कुंपणात आपोआप येतं. तिथेच एक ईडलिंबाचं झाड आहे, त्याच्या पानांवर मला पक्ष्याची शीट वाटावी अशा अळ्या सापडल्या. मोठ्या होऊन त्या होतात निलवंत फुलपाखरं, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते जाहीर केलं, तेव्हा असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य होतं. मामीला हे सांगितलं तर म्हणाली, त्या अळ्या पानं खातात. तिचंही बरोबर आहे.

हे जमू शकतं का, असं मामाने एकदा विचारलं. मी त्याला वेळासचं उदाहरण दिलं. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एकेकाळी ती अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले. ते राहतात गावातल्या घरांत, जेवतात घरचं. तिथे कोणी स्विमिंग पूल मागत नाही, कारण माणसं कशासाठी आलीत हे त्यांना आधीपासून माहीत असतं. मामा म्हणाला, कासव नारळ खात नाही. मुद्दा होता.

मग काय ठरलं? अर्धंमुर्धं. रस्त्याकडचा गडगा गेला, तिथे सिमेंटचं कंपाउंड आलं, आणि मला ते अजूनही डोळ्यांत खुपतं. मागचे तीन गडगे राहिले. पेव्हर ब्लॉक फक्त पायवाटेपुरते. चारपैकी दोन फ्लडलाइट परत केले. उरलेले रात्री दहाला बंद होतात. बाथरूमला पिवळा, खाली तोंड केलेला बल्ब. खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी, जी खरं तर पहिल्या दिवशी लावायला हवी होती. गाड्या आता शेजाऱ्यांच्या माळावर लागतात, दोन मिनिटं चालायचं. उंबर राहिला, पण मामाच्या भाषेत ‘यंदापुरतो’. पाहुणे कमी झाले तर पुढच्या मे महिन्यात तो कॉन्ट्रॅक्टर पुन्हा नारळ घेऊन येईल. शेजारच्या ढोलीचं दार जूनमध्ये फुटलं. त्यानंतर दोन दिवस उंबरावर तीन माडगरुड होते, त्यातलं एक फांदीवर नीट बसताही न येणारं.

म्हणून तुमच्या ग्रुपवर लिंक आली की एसी आणि वायफायसोबत आणखी एक प्रश्न टाका: रात्री दिवे बंद करता का? मालकाला आश्चर्य वाटेल, पण लक्षात राहील. माकडांना वेफर देऊ नका, तुम्ही परत गेल्यावर ती मामीच्या स्वयंपाकघरात वेफर शोधतात. पाली असतील, पाला असेल, पहाटे तांबट ‘टुक टुक’ करून उठवेल. हे सगळं रिव्ह्यूमध्ये जरूर लिहा. फक्त त्याचे स्टार कापायचे की वाढवायचे, हे ठरवताना अंगठा क्षणभर थांबवा. तिकडे कोणीतरी वही घेऊन बसलेलं असतं.

परवा मामाला दिवाळीच्या बुकिंगसाठी मुंबईहून एका मुलीचा फोन आला. मामीने मला नंतर सगळं साभिनय ऐकवलं. मुलीने रेट विचारला, जेवणाचं विचारलं आणि शेवटी हळूच विचारलं, ‘‘काका, तिकडे साप वगैरे नाहीत ना?’’

मामा शहरी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या मराठीत म्हणाला, ‘‘आहेत की. बॅटरी देतो ना आम्ही.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘चार्जिंगवाली, की सेलची?’’